उन्हाला पराक्रम कळत नाही

शाहूवाडी तालुका म्हटला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाऊस उभा राहतो. आंबा घाटातले धुके, बर्कीचा धबधबा, दुथडी भरून वाहणाऱ्या कासारी आणि कडवी, आठ-आठ दिवस सूर्याचे तोंड न दिसणारा आषाढ. अशा तालुक्यात एखादा धडधाकट तरुण पाण्यावाचून कोसळला असे सांगितले तर परगावचा माणूस आपल्याला वेड्यात काढील. वाळवंटात माणसे तहानेने मरतात हे आपण शाळेत वाचलेले असते. पण पन्हाळ्यापासून विशाळगडापर्यंतच्या या हिरव्यागार मुलखात?

मात्र होळी झाली की हाच मुलूख निराळा होतो. आमच्या डोंगरांच्या माथ्यावर जांभ्या दगडाचे सडे आहेत. जांभा म्हणजे भोके पडलेला दगड. त्यावर पडलेले पाणी तो धरून ठेवत नाही, खाली झिरपू देतो. ते पाणी खालच्या काळ्या कातळाला अडते आणि पठाराच्या कडेला, खालच्या अंगाला झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. म्हणून आमच्या वाड्यावस्त्या पठाराच्या कुशीत वसलेल्या दिसतात. माथ्यावर मात्र चैत्र-वैशाखात पाण्याचा टिपूस नसतो, झाडाची सावली नसते आणि पायाखालचा जांभा तव्यासारखा तापलेला असतो. म्हसाई पठारावरून भर दुपारी जो चालला असेल त्याला वाळवंट म्हणजे काय हे भूगोलाच्या पुस्तकातून शिकण्याची गरज नाही.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, अलीकडे आमच्या भागात नव्या प्रकारचे पाहुणे येऊ लागले आहेत. आषाढात पन्हाळा ते पावनखिंड अशी पदयात्रा करणारे हजारो लोक येतात, ते वेगळे. त्यांच्याबरोबर वाट माहीत असलेली माणसे असतात, मुक्कामाची गावे ठरलेली असतात, जेवणाची व्यवस्था असते. मी म्हणतो ते पाहुणे मार्च, एप्रिल, मे आणि ऑक्टोबर या चार महिन्यांतले. चार-पाच मित्र मोटारसायकलींवरून येतात, मोबाईलमधला नकाशा बघतात आणि सकाळी दहा वाजता पठारावर चढू लागतात. पाठीवरच्या पिशवीत वेफर्सची पुडकी, फोटोसाठी झेंडा आणि माणशी एक लिटरची बाटली. दुपारी एक वाजता त्यांतला कोणीतरी धापा टाकीत एखाद्या वस्तीवर उतरतो आणि मदत मागतो.

गेल्या चैत्रात आमच्या वस्तीवर असेच दोघे उतरले. ओठ फाटलेले, डोळे खोल गेलेले. दारात बसलेल्या आमच्या आजीने विचारले, “पोरांनो, उनाचं कुठं निघालासा? पानी पिऊन जावा.” ते दोघे पाणी प्यायले आणि मग रडू लागले. त्यांचा एक मित्र वर पठारावर पडला होता. काहीतरी असंबद्ध बडबडत होता, उलट्या करत होता आणि त्याला आपले नावसुद्धा धड सांगता येत नव्हते. आणखी दोघे त्याच्याजवळ थांबले होते. वस्तीवरचे सहा-सात पुरुष हातातली कामे टाकून निघाले. एकाने घोंगडे घेतले, एकाने वेळूची काठी, दोघांनी पाण्याच्या कळश्या. मीही गेलो होतो. वर पोचल्यावर चुलत्यांनी पहिली गोष्ट केली ती अशी की एक कळशी त्या मुलाच्या अंगावर ओतली, दुसरीत टॉवेल बुडवून तो त्याच्या मानेवर, काखांत आणि मांड्यांवर ठेवला आणि बाकीच्यांना टोप्यांनी वारा घालायला लावले. मग घोंगड्याची झोळी करून त्याला खाली आणले आणि जीपने दवाखान्यात नेले. मुलगा वाचला. नंतर तिथल्या डॉक्टरांनी सांगितले की तो वाचला याचे निम्मे श्रेय त्या पहिल्या कळशीला आहे.

मित्रांनो, मला जे म्हणायचे आहे ते त्या कळशीविषयीच आहे.

ती कळशी कुठून आली होती? एप्रिलच्या अखेरीस आमच्या वस्तीवरचा झरा इतका आटतो की बायाबापड्या पहाटे त्याच्या काठी बसून वाटीवाटीने पाणी भरतात. एक कळशी भरायला कधी अर्धा तास लागतो. आलेल्या माणसाला आधी पाणी विचारायचे, जमल्यास सोबत गुळाचा खडा द्यायचा, ही आपल्या मुलखाची रीत आहे. चैत्रात पाणपोया घालणारी, अक्षय्यतृतीयेला पाण्याने भरलेल्या घड्याचे दान करणारी ही संस्कृती आहे. ज्योतिबाच्या चैत्र यात्रेला सासनकाठ्या नाचवत येणाऱ्या लाखो भाविकांना वाटेवरची गावे आजही पाणी पाजतात. तेव्हा पाणी दिल्याचे दुःख कोणालाही नाही. आमच्या आजीला तर मुळीच नाही. पण देणाऱ्याने हिशेब मांडू नये हे जितके खरे, तितकेच घेणाऱ्याने तो मांडावा हेही खरे आहे. त्या दिवशी सात माणसांची मजुरी बुडाली. ते दिवस तरवा भाजण्याचे आणि पावसाळ्यापूर्वी शेणी-लाकूड भरून ठेवण्याचे होते. शिवाय त्याच वस्तीवरच्या आजारी माणसाला सडकेपर्यंत न्यायचे झाले तर तेच घोंगडे आणि तीच वेळूची काठी लागते. स्वतःच्या म्हाताऱ्या आईला झोळीतून नेणारे खांदे आपण हौसेखातर वापरतो, याची जाणीव आपल्याला आहे काय?

काही जण म्हणतील, एवढे कसले ऊन आमच्याकडे? पारा फार तर अडतीसला जातो. विदर्भात पंचेचाळीस होतो. हा मोठा गैरसमज आहे. एक तर हवामान खात्याचे तापमान सावलीत ठेवलेल्या पेटीत मोजलेले असते. उघड्या कातळावर उन्हात चालणाऱ्या माणसाला त्याहून कितीतरी जास्त सोसावे लागते. दुसरे असे की शरीराला बाहेरच्या उष्णतेइतकीच आतली उष्णताही मारते. पाठीवर ओझे घेऊन चढ चढणारे स्नायू भट्टीसारखे तापतात. ती उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. अशा श्रमात तासाला लिटरभर घाम सहज जातो. पाण्याबरोबर मीठही जाते. प्यायला पाणी नसेल तर रक्त दाट होते, घाम कमी पडू लागतो आणि शरीराचे तापमान चढू लागते. ते चाळीसच्या वर गेले की मेंदूवर परिणाम होतो. येथेच खरा धोका आहे. ज्या बुद्धीने ‘आता मागे फिरावे’ असे ठरवायचे, तीच बुद्धी आधी जाते.

आकडे बोलके आहेत. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला. त्या दिवशी पारा अडतीसच्या आसपास होता. तेथे जमलेल्यांपैकी चौदा जणांचा बळी गेला. ही माणसे डोंगर चढत नव्हती. नुसती उघड्या मैदानात बसली होती. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात ‘व्हाइट सँड्स’ नावाचा पांढऱ्या वाळूचा प्रदेश आहे. ४ ऑगस्ट २०१५ रोजी एक फ्रेंच जोडपे आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन तेथे फिरायला गेले. बरोबर पाणी अगदी थोडे. त्या दिवशीही तापमान अडतीसच्याच घरात होते. आई मागे फिरली आणि वाटेत कोसळली. वडील पुढे जाऊन कोसळले. मुलगा मात्र जिवंत सापडला. तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष असा की आईबाप स्वतः एक घोट घेत आणि मुलाला दोन घोट देत असावेत. हे वाचून डोळ्यांत पाणी येते. पण त्या मायेला आणखी चार बाटल्यांची जोड असती तर तिघेही घरी परतले असते, हा विचार मनातून जात नाही.

आणि हे अडाण्यांचेच होते असे कोणी समजू नये. डॉक्टर मायकेल मोझली हे इंग्लंडमधले नाव. स्वतः वैद्यकशास्त्र शिकलेले, दूरदर्शनवरून लोकांना आरोग्याचे धडे देणारे. जून २०२४ मध्ये ते ग्रीसमधल्या सिमी या बेटावर सुट्टीसाठी गेले असता भर दुपारी एकटेच खडकाळ वाटेने चालत निघाले. बरोबर फोन नव्हता. चार दिवसांनी त्यांचा मृतदेह सापडला. मृत्यूचे कारण अखेरपर्यंत पक्के ठरले नाही. उष्माघात ही दाट शक्यता मानली गेली. शहाण्या माणसाचे शहाणपणही उन्हात किती टिकते याचा हा दाखला आहे.

आता कोणी म्हणेल की आजकाल विज्ञान पुढे गेले आहे. फोन केला की हेलिकॉप्टर येते. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीची गोष्ट ऐकावी. जुलै २०२४ मध्ये बेल्जियमचा एक प्रवासी तेथल्या वाळूच्या टेकड्यांवर गेला आणि पायातली चप्पल गमावून बसला. तापमान पन्नास अंशांच्या वर. तळपायाची कातडी भाजून निघाली. हेलिकॉप्टर बोलावले, परंतु ते तेथे उतरू शकले नाही. कारण तापलेली हवा विरळ होते आणि विरळ हवेत पंख्याला पुरेसा आधार मिळत नाही. शेवटी त्या माणसाला गाडीने उंचावरच्या, थोड्या थंड जागी न्यावे लागले आणि मग तेथून उचलावे लागले. संकट जितके मोठे, तितकी मदत दूर, असा हा न्याय आहे. आमच्या पठारावर तर हेलिकॉप्टरचे नाव काढायला नको. फोनलाच रेंज नसते.

महाराष्ट्रात डोंगरात अडकलेल्यांना सोडवण्याचे काम बहुतांशी स्वयंसेवक करतात. लोणावळ्याचे ‘शिवदुर्ग मित्र’, खोपोलीचे ‘यशवंती हायकर्स’ ही नावे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये कल्याणचा एक मोठा गट हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रात्रभर अडकला, तेव्हाही अशीच माणसे धावली. आपापल्या नोकऱ्या आणि दुकाने सांभाळून हे लोक मध्यरात्री दोर घेऊन निघतात. हे काम किती जिवावरचे असते? जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतीसाठी तो खडा चढ चढत असताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याला हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. इर्शाळवाडीच्या लोकांचा काही दोष नव्हता. डोंगरच त्यांच्यावर आला. त्यांच्यासाठी चढणाऱ्याचे मरण हे हौतात्म्य आहे. पण एखाद्याने पाण्याची दुसरी बाटली जड वाटली म्हणून घेतली नाही, आणि त्याला आणण्यासाठी चढणारा असा कोसळला, तर त्या मरणाला आपण काय म्हणणार?

साहसाविषयी आपल्या मनात एक गोंधळ आहे. संकटात उडी घेणे म्हणजे साहस, आणि तयारी करणारा तो भित्रा, असे आपल्याला वाटते. याला आपण इतिहासाचा दाखला देतो. आणि तो दाखला नेमका आमच्याच तालुक्यातला असतो. “बाजीप्रभूंनी कुठे बाटल्या मोजल्या होत्या?” असे एका मित्राने मला विचारले. मला वाटते, १३ जुलै १६६० चा तो दिवस आपण नीट वाचलेलाच नाही. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज बाहेर पडले ती काही भावनेच्या भरात मारलेली उडी नव्हती. आधी शरणागतीच्या बोलण्यांनी वेढा सैल पाडला. वाटा माहीत असलेली माणसे हाताशी ठेवली. रात्रीची वेळ निवडली. शत्रूला चकवण्यासाठी दुसरी पालखी काढली आणि तीत शिवा काशीद बसला. बरोबर घेतले ते याच डोंगरांत वाढलेले सहाशेच्या आसपास बांदल मावळे. खिंडीत कोणी थांबायचे, गडावर कोणी पोचायचे आणि पोचल्याची खूण म्हणून तोफ वाजवायची, हेही ठरलेले होते. आपल्या इतिहासातली ही सर्वांत धाडसी चाल सर्वांत विचारपूर्वक आखलेली चाल होती. बाजीप्रभूंनी प्राण दिला तो एका ठरलेल्या कामासाठी, दुसऱ्याला वाचवण्यासाठी. आपण मात्र दुसऱ्यांना आपल्यासाठी प्राण पणाला लावायला लावतो आणि वर त्यांचेच नाव घेतो. हा त्या खिंडीचा अपमान आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

मग उपाय काय? आमच्या कट्ट्यावर या विषयावर बरेच वाद झाले. एक पक्ष म्हणाला, उन्हाळ्यात गड-पठारे बंदच करा. मला हे पटत नाही. डोंगर हे काही सरकारी कचेरी नव्हेत की फाटक लावले आणि झाले. चोरवाटेने जाणारे जातीलच. उलट ते कोणाला सांगून जाणार नाहीत आणि सापडायला अधिक अवघड होतील. शिवाय ज्या मुलांनी डोंगर पाहिलाच नाही त्यांना डोंगराविषयी प्रेम कसे वाटणार?

दुसरा पक्ष म्हणाला, सुटका करून आणल्यावर जबर दंड घ्या. हे ऐकायला न्यायाचे वाटते, पण माझी शंका वेगळी आहे. दंडाचे भय असलेला माणूस मदत मागायला उशीर करतो. “अजून अर्धा तास बघू, सावरेल,” असे म्हणत बसतो. उष्माघातात तोच अर्धा तास माणसाचा जीव घेतो. व्यवसाय म्हणून सहली नेणाऱ्यांवर बंधने हवीत, त्यासाठी शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरणही आणले आहे. पण हौसेने निघालेल्या चार मित्रांना धोरण अडवू शकत नाही. त्यांना अडवील ती फक्त जाणीव.

ही जाणीव द्यायची कुठे, तर आपल्यासारख्या महाविद्यालयांत. कारण ते चार मित्र बहुधा कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयाचेच विद्यार्थी असतात. जाणीव म्हणजे मोठे तत्त्वज्ञान नव्हे. ज्या गोष्टी आमच्या आजीला ठाऊक आहेत त्याच पुन्हा शिकायच्या आहेत. डोंगरातला माणूस उन्हाळ्यात पहाटे कामाला लागतो, अकराच्या सुमारास सावली धरतो आणि उन्हे कलल्यावर पुन्हा बाहेर पडतो. अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियनमध्ये आज रखवालदार उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार चालू नका असे बजावतात. आमच्या वस्तीवर हा नियम कोणी न लिहिता चालत आला आहे. डोक्याला मुंडासे, पोटात ताक-भाकर, कनवटीला गूळ, हीच त्यांची सामग्री. आपण त्यात भर घालावी ती अशी: चालण्याच्या दर तासामागे निदान अर्धा ते एक लिटर पाणी, सोबत मीठ-साखर. नुसते पाणी ढोसून मीठ न घेणेही घातकच. निम्मे पाणी संपले की शिखर कितीही जवळ दिसो, मागे फिरायचे. सर्वांत सावकाश चालणारा असेल त्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचे. कोठे जाणार आणि किती वाजता परतणार हे घरी आणि पायथ्याच्या गावात सांगायचे. कोणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर त्याला चालवायचे नाही. सावलीत निजवून अंग भिजवायचे, वारा घालायचा आणि लगेच १०८ किंवा ११२ वर कळवायचे. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात मात्र पाणी ओतायचे नाही. आणि त्याला घाम येतो आहे म्हणून तो बरा आहे असे मानायचे नाही. श्रमाने आलेल्या उष्माघातात घाम येत असतानाही माणूस जाऊ शकतो.

माझी एक सूचना आहे आणि ती मी आपल्या प्राध्यापक मंडळींपुढे नम्रपणे ठेवतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले शिबिर दरवर्षी हिवाळ्यात भरते. आपण रस्ते झाडतो, पथनाट्ये करतो. एक वर्ष हे शिबिर पन्हाळा-विशाळगड वाटेवर घ्यावे. वाटेवरच्या वस्त्यांतल्या जाणत्यांना बरोबर घेऊन प्रत्येक झरा शोधावा, त्यातला गाळ काढावा, कोणता झरा कोणत्या महिन्यापर्यंत टिकतो हे त्यांना विचारून लिहून घ्यावे आणि पठाराच्या चढाला मराठीत साधे फलक लावावेत: “येथून पुढे इतके अंतर पाणी नाही. सावली नाही. दहानंतर चढू नये.” त्या झऱ्यांचा पहिला फायदा पहाटे वाटीने पाणी भरणाऱ्या बायांना होईल, दुसरा वाटसरूला. वस्तीवरच्या तरुणांना वाटाडे म्हणून रीतसर मोबदला देऊन नेण्याची शिस्त आपण घालून दिली, तर त्यांच्या हातालाही काम मिळेल. आज त्यांचे ज्ञान आपण फुकट वापरतो, आणि तेही फक्त प्राणावर बेतल्यावर.

कोणी म्हणेल, एवढी तयारी करून गेले की मग गंमत काय राहिली? मी त्याला एवढेच सांगेन की पहाटेच्या गारव्यात म्हसाई पठारावर उभे राहून सूर्य वर येताना बघावा, पाण्याने भरलेली पिशवी पाठीला जाणवावी आणि अकराच्या आत खाली उतरून कोणाच्या तरी ओसरीवर पाहुणा म्हणून बसावे. पाणी तेव्हाही मिळेलच, गुळाचा खडाही मिळेल. फरक एवढाच की ते आपण मागितलेले नसेल. त्यांनी प्रेमाने दिलेले असेल, आणि त्यांची दुसरी कळशी घरात भरलेलीच राहील.